कप्तानांची टर्की

खाटकाच्या दुकानात मावशी एकट्या कधी जात नसत. सोबत नणंद असायचीच. खाटकाला वाटे, या दोघींत चोखंदळ असेल तर ती नणंद. प्रत्येक तुकड्यावर वाकणार, हुंगणार, तोंड वाकडं करणार. मावशी दोन पावलं मागे पिशवी धरून गप्प उभ्या. खरा प्रकार वेगळाच होता. नणंद वास घ्यायची आणि मागे सरताना मावशींचं कोपर दाबायची. एकदा दाबलं तर घ्या, दोनदा दाबलं तर निघा.

त्या मंगळवारी काचेच्या पेटीत टर्कीची अख्खी छाती ठेवली होती. हाडासकट, कातडीसकट, साडेतीन किलोची. मावशींनी चार दिवस आधी सांगून मागवली होती.

"कोणाचं लग्न काढलंत, मावशी?" खाटकाने विचारलं.

"लग्न कुठलं, वाढदिवस आहे. नव्वदावा."

"नव्वद? मग चावणार कशाने नवरदेव?"

"तुमच्यापेक्षा दोन दात जास्तच आहेत त्यांना," नणंद म्हणाली आणि पेटीवर वाकली. "जरा पालथी घाला बघू. आतली बाजू दाखवा. तो तुमचा अंगठा काढा आधी त्यावरचा."

"ताई, सून बघायला आल्यासारखं बघू नका. मेलेली आहे ती."

नणंद मागे सरली. मावशींच्या कोपरावर एकच दाब आला. मावशींनी श्वास सोडला आणि पिशवी पुढे केली.

बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, असं किती दिवस चालणार? माझ्या नाकाला आता पगार चालू करा."

"हळू बोला, वन्सं."

"रस्त्यावर कोण ऐकतंय? एक दिवस सांगावं लागेलच तुमच्या ऑफिसातल्या त्या बाईंना."

मावशींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पावलं उचलली.

मावशी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करत. बावीस माणसं, दोन वेळचं जेवण, सकाळचा नाश्ता, आणि हे सगळं एकवीस वर्षं. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला आणि उतरताना वास घेऊन गेला. त्या कामावर परतल्या, कढईत लसूण टाकला आणि वाट बघत राहिल्या. लसूण तांबूस झाला, काळा पडला, धूर डोळ्यांत गेला, तरी नाक मख्ख. जिभेला खारट, आंबट, गोड कळायचं. बाकी सगळं जेवण म्हणजे ऊन ऊन कापूस.

येईल परत, असं डॉक्टर म्हणाले होते. मावशींनी वाट बघितली, आणि तोपर्यंत कोणाला कशाला सांगायचं म्हणून सांगितलं नाही. मग सांगायला उशीर झाला. त्यांनी स्वतःच्या नव्या पद्धती बसवल्या. मांसात टोचायचा थर्मामीटर घेतला. फोडणी कानाने ओळखू लागल्या. गॅसचे खटके दिवसातून पाच वेळा हाताने चाचपून बघायच्या. आदल्या दिवशीचं काही उरलं तर सरळ टाकून द्यायच्या. पण दुधाने दगा दिला. तीन आठवड्यांपूर्वी नासायला लागलेलं दूध कस्टर्डमध्ये गेलं, मावशींनी चाखलं तेव्हा साखरेने आंबटपणा झाकलेला होता, आणि सबंध पंगतीने वाट्या पुढे सरकवल्या. व्यवस्थापकबाईंनी त्यांना ऑफिसात बोलावलं. बाई चाळिशीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मावशी, म्हाताऱ्या माणसांची पोटं आहेत ही. पुन्हा असं झालं तर मला जेवण बाहेरून मागवायचा विचार करावा लागेल."

मावशींनी मान हलवली. स्वयंपाकघर गेलं तर आपल्याकडे काय उरतं, याचा हिशोब त्या दिवसापासून त्या रोज झोपताना करत होत्या. उत्तर रोज तेच येई.

आणि त्यात कप्तानांचा वाढदिवस आला. आश्रमाचा नियम असा, की सत्तर, ऐंशी, नव्वद असा दहाचा टप्पा जो गाठेल त्याने त्या दिवशीचं दुपारचं जेवण सांगायचं. काय वाटेल ते. एका आजींनी ऐंशीला नुसते उकडलेले बटाटे आणि लोणी मागितलं होतं आणि दोनदा वाढून घेतलं होतं. कप्तानांनी टर्की मागितली.

कप्तान कधीही कप्तान नव्हते. मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत त्यांनी अडतीस वर्षं काढली होती. तरुणपणी एकदा भर समुद्रात इंजिनखोलीत आग लागली, ती विझवून जहाज कसंबसं बंदराला लागलं, आणि त्या दिवशी जहाजाच्या आचाऱ्याने टर्कीची छाती भाजून सगळ्यांना वाढली होती. "अख्खा पक्षी मिळाला नव्हता, नुसती छाती," कप्तान सांगत. "पण काय सांगू पोरी, त्या वासाने माणसं रडली होती." आता त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते. उजेड आणि सावली एवढंच कळे. त्या वासापाशी एकदा परत जायचं होतं त्यांना, आणि तो वास ज्या बाईने काढायचा तिलाच वास नव्हता.

बुधवारी संध्याकाळी मावशींनी छाती पुसून कोरडी केली, कातडीखाली बोटं घालून मीठ आणि मिरपूड चोळली, आणि मोठ्या ताटात उघडीच फ्रीजमध्ये ठेवली. रात्रभर उघडी राहिली की कातडी वाळते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते. ही त्यांची जुनी रीत. एरवी कोंबडी असे, ताट लहान असे. दार लावलं, हाताने दाबून बघितलं, आणि सात वाजता त्या घरी गेल्या.

गुरुवारी सकाळी सहाला त्यांनी स्वयंपाकघराचं दार उघडलं तेव्हा दिवा लावायच्या आधीच आत उजेड दिसला. पिवळा, जमिनीवर तिरका पडलेला. फ्रीजचं दार चार बोटं उघडं होतं. ताटाचा काठ दाराच्या रबराला टेकला होता आणि रात्री कधीतरी त्याने दार हळूच ढकललं होतं. खाली पाण्याचं थारोळं साचलं होतं.

मावशींनी थर्मामीटर टोचला. काटा अकरा अंशांवर थांबला. पाचच्या आत हवा होता.

अकरा म्हणजे काय? दार पहाटे उघडलं असेल तर तासाभराची गोष्ट. रात्री आठला उघडलं असेल तर दहा तासांची. काटा आत्ताचं सांगत होता, रात्रीचं त्याला काही ठाऊक नव्हतं. ते नाकाने सांगायचं. मावशी ताटावर वाकल्या. डोळे मिटून त्यांनी इतका खोल श्वास घेतला की छातीत कळ आली. काही नाही. जणू भिंत हुंगत होत्या.

त्यांनी नणंदेला फोन लावला. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात होती आणि तिथे शिफ्ट सुरू झाली की फोन कपाटात कुलूपबंद होत. फोन वाजून वाजून बंद झाला. दुपारी एकपर्यंत आता ती भेटणार नव्हती, आणि बाराला पंगत बसणार होती.

मावशींनी मांसावरून बोट फिरवलं. चिकट लागलं का? थोडं लागलं. पण मीठ लावलेलं मांस ओलसर लागतंच. रंग? मिठाने रंग बदलतोच. प्रत्येक शंकेला त्यांच्याजवळ एक उत्तर तयार होतं, आणि ही उत्तरं इतक्या पटापट येत होती त्याचीच त्यांना भीती वाटू लागली. नीट भाजलं की सगळं मरतं, असं त्या स्वतःशी मोठ्याने म्हणाल्या. ओव्हनचा खटका फिरवला. लोणी वितळत ठेवलं. सात वाजले, बावीस माणसांचा नाश्ता गेला, कपबशा परत आल्या. छाती ताटात तशीच होती. आठ वाजले. ओव्हन केव्हाचा तापला होता. आता ठेवली नाही तर बारा चुकतील. त्यांनी ताट उचललं, ओव्हनपर्यंत नेलं, आणि परत ओट्यावर आणून ठेवलं. पुन्हा वाकल्या. पुन्हा हुंगलं.

"किती दिवस झाले?"

मावशी दचकल्या. दारात कप्तान उभे होते. एक हात चौकटीवर, दुसऱ्यात विझलेला पाईप.

"कशाला?"

"नाक जाऊन."

मावशींचे हात ताटावर होते तिथेच राहिले. "काहीतरीच काय, कप्तान."

"पोरी, मी वर्षभर तुझ्या या कांद्याबटाट्याच्या कोठीत बसून पाईप ओढतोय. रोज सकाळी. पूर्वी मी नुसती काडी पेटवली तरी तू चुलीपाशी उभी राहून ओरडायचीस, 'कप्तान, बाहेर!' लाटणं घेऊन आली होतीस एकदा. मागच्या वर्षीपासून एकदाही नाही. आधी मला वाटलं, म्हातारा आता मरायला टेकला म्हणून दया आली तुला. मग कस्टर्ड आलं."

मावशी स्टुलावर बसल्या.

"कोणाला बोललात?"

"मी? आणि माझी कोठी घालवू? आत्ता मात्र अर्धा तास झाला तू नाकाने भाता ओढतेयस. पलीकडे ऐकू येतंय. काय झालंय?"

मावशींनी सांगितलं. दार, थारोळं, अकरावरचा काटा. सांगताना आवाज घट्ट ठेवला, पण शेवटी तो घसरलाच. "तुमचं नाक चांगलं आहे. तुम्ही बघा. पण तुमचाच वाढदिवस आहे आज, कप्तान. खोटं नका सांगू."

कप्तान चाचपडत ओट्यापाशी आले. पाईप खिशात घातला, हात धुवायला मागितला, धुतला, पुसला. इंजिनखोलीत खूप आवाज असे, तिथे कानाचा उपयोग नसे. तेल जळतंय की तार, हे अडतीस वर्षं त्यांनी नाकाने ओळखलं होतं. ते वाकले. एकदा हुंगलं. तोंड बाजूला करून खिडकीकडची हवा घेतली, मग हाडाच्या बाजूने दुसऱ्यांदा हुंगलं. तिथे ते जरा जास्त वेळ थांबले. मावशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्या चेहऱ्यावर आधी हाव दिसली, अगदी लहान मुलासारखी, आणि मग ती हळूहळू गेली.

"माझ्या इंजिनखोलीत असा वास आला असता," ते सरळ होत म्हणाले, "तर मी मशीन बंद केलं असतं."

"फार आहे?"

"फार नाही. हाडापाशी थोडा आहे. खपून जाईल कदाचित. मी खाईनही. पण पलीकडच्या खोलीतली ती ब्याण्णवची आजी आहे ना, तिला मी हे वाढणार नाही."

"तुमचा वाढदिवस," मावशी म्हणाल्या.

"नव्वद वेळा झालाय. टाक ते."

मावशींनी ओव्हन बंद केला. साडेतीन किलोची छाती पिशवीत बांधून मागच्या पिंपात टाकली आणि झाकण लावलं. हात धुतले. मग पदर सारखा करून त्या ऑफिसाकडे निघाल्या. वीस पावलांचा बोळ होता तो. पहिल्या दहा पावलांत त्यांनी सगळं जुळवलं. फ्रीजचं दार उघडं राहिलं, मांस टाकलं, जेवण संध्याकाळी देते. यातला शब्दही खोटा नव्हता. नाकाचा विषय काढायची गरजच नव्हती.

व्यवस्थापकबाईंनी ऐकून घेतलं. पेन खाली ठेवलं. "दार उघडं राहिलं हे समजलं. पण मांस खराब झालंच होतं का? वास घेऊन बघितलात?"

"हो. म्हणजे, कप्तानांनी बघितला."

"कप्तानांनी?" बाईंनी वर पाहिलं. "तुम्ही का नाही?"

बाहेर बोळात कोणाची तरी काठी टकटक करत गेली. ती जाईपर्यंत मावशी थांबल्या.

"मला वास येत नाही, बाई. चौदा महिने झाले."

बाईंनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "दूध?"

"हो. दूधसुद्धा त्यामुळेच."

"आणि गॅस?"

"खटके बघते. दिवसातून पाचदा. हात लावून."

"चौदा महिने, मावशी. बावीस माणसं."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "दुपारी सगळ्यांना खिचडी द्या. संध्याकाळी टर्की जमेल?"

"दुसरी मिळाली तर जमवते."

"जमवा. जेवणं होऊ देत. मग तुमच्या कामाचं बोलू."

खिचडीचे डाळ-तांदूळ भिजत घालून, बाईंना सांगून, मावशी एकट्या खाटकाकडे गेल्या. दुकानात शिरताना कोपर उघडं उघडं वाटत होतं.

"आज सासूबाई कुठे?" खाटकाने विचारलं.

"नणंद आहे ती. टर्कीची छाती आहे अजून?"

"परवाच नेलीत ना? दोन दिवसांत संपली? दात फारच जोरात दिसतात."

मावशी हसल्या नाहीत, तेव्हा खाटकानेही हसू आवरलं. आत जाऊन तो एक छाती घेऊन आला. अडीच किलोची, दगडासारखी गोठलेली, पिशवीत सीलबंद. "हीच आहे. पण बाहेर ठेवू नका हं. थंड पाण्यात, पिशवीसकट. दर अर्ध्या तासाला पाणी बदला."

गोठलेल्या, सीलबंद मांसाला वास कसला यायचा! मावशींना आज पहिल्यांदा आपलं आणि वन्संचं नाक सारखं झाल्यासारखं वाटलं.

साडेनऊला छाती पाण्यात पडली. दहाला पाणी बदललं, साडेदहाला, अकराला. मध्ये पंगतीला खिचडी गेली. "ही टर्की फारच मऊ शिजलीय," एक आजोबा म्हणाले, आणि कप्तानांनी गंभीरपणे सांगितलं, "टर्की अजून पोहतेय." मावशी पाणी बदलत राहिल्या. बोटं बधिर झाली. तीन वाजता मधला भागही दाबला जाऊ लागला. पुसली, मीठ लावलं, कातडीखाली लोणी भरलं, वर लोणी लावलं. सव्वातीन वाजता ओव्हनचं दार बंद झालं.

मग मावशींनी स्टूल ओव्हनसमोर ओढलं आणि कान दिला. पहिली वीस मिनिटं काही नाही. मग एक तडतड, एकटीच. मग दोन. तासाभराने आतून एकसारखी चुरचुर येऊ लागली, पातळ पावसासारखी. चुरचुर फार वाढली तेव्हा त्यांनी आच कमी केली आणि वर कागद झाकला. ही भाषा त्या चौदा महिन्यांत शिकल्या होत्या, पण आज परीक्षा होती आणि उद्या कामावर ठेवायचं की नाही ते व्यवस्थापकबाई ठरवणार होत्या. पाचला त्यांनी सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता, थर्मामीटर टोचला. एकसष्ट. पंधरा मिनिटांनी सदुसष्ट. पुन्हा दहा मिनिटांनी एकाहत्तर. चौऱ्याहत्तर व्हायला हवे होते. त्या काट्याकडे बघत उभ्या राहिल्या. बहात्तर. त्र्याहत्तर. दार उघडं ठेवलं तर आच जाते म्हणून त्यांनी दार लावलं आणि मनात तीनशे मोजले. मग उघडलं. पंच्याहत्तर.

छाती बाहेर काढून त्यांनी ती झाकून ठेवली. लगेच कापली तर सगळा रस ताटात सांडतो. कापायच्या आधी त्यांनी दुसऱ्या बाजूलाही थर्मामीटर टोचला. तिथेही पंच्याहत्तर. मग तिसरीकडे.

सहाला पंगत बसली. व्यवस्थापकबाई दाराशी उभ्या होत्या, हात बांधून. मावशींनी ताट कप्तानांसमोर ठेवलं आणि सुरी लावली. कातडी कुरकुरली. आत मांस पांढरंशुभ्र होतं आणि चिरेतून रस वर आला. पहिला काप कप्तानांच्या ताटलीत पडला. कप्तानांनी काटा उचलला नाही. ते नुसते ताटलीवर वाकले.

मावशींच्या तोंडून शब्द निघून गेला. चौदा महिन्यांत हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नव्हता.

"कसा येतोय वास, कप्तान? मला कळत नाही हो. मला वासच येत नाही."

टेबलावर चमचे थांबले.

"सांगतो," कप्तान म्हणाले. "आधी लोणी आहे. थोडं करपलेलं, पण चांगलं करपलेलं, टोस्टच्या कडेसारखं. त्याच्या खाली मिरपूड."

"लसूण आहे," पलीकडची ब्याण्णवची आजी म्हणाली.

"लसूण नाहीये, आजी," मावशी म्हणाल्या.

"मग मला कसा येतोय?"

"तो तुझ्या दुपारच्या खिचडीचा," खिचडीवाले आजोबा म्हणाले. "मला विचारा. मला ओल्या लाकडाचा येतोय. शेकोटीवर पाणी ओतल्यावर येतो तसा."

"तू गप. लाकूड कुठून आलं?"

"गरम इस्त्री," चौथं कोणीतरी म्हणालं. सगळे एकदम बोलू लागले. प्रत्येकजण ताटलीवर वाकून मावशींना काहीतरी सांगत होता, दुसऱ्याला खोटं पाडत होता. मावशी हातात सुरी धरून एकेकाकडे बघत होत्या. लोणी, इस्त्री, शेकोटी. त्यांना काहीच येत नव्हतं, आणि तरी त्या एकेक गोष्ट आठवून बघत होत्या.

कप्तान तोवर खात होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

पंगत उठायला सात वाजले. मावशी भांडी गोळा करत होत्या तेव्हा व्यवस्थापकबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी हाडावर उरलेला एक तुकडा बोटांनी काढला, हुंगला आणि तोंडात टाकला.

"वर्ष-दीड वर्ष लपवलंत, त्याचा मला राग आहे," त्या म्हणाल्या. "तो लवकर जायचा नाही."

"बरोबर आहे."

"गॅसवर वाजणारी घंटा उद्या बसेल. आणि सकाळी दूध आलं की भांड्यात ओतायच्या आधी मला हाक मारा. आधी मी वास घेईन. मांसाचंही तेच." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मी रजेवर असले तर कप्तानांना. पण त्यांना सांगा, कोठीतला पाईप बंद."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मावशी, मला वास येतो."

बाई गेल्या. मावशींनी उरलेली हाडं सुपासाठी पातेल्यात काढली, लहान ताटात बसतील अशी मोडून. फ्रीजमध्ये ठेवली. दार लावलं, हाताने दाबलं, मग एक पाऊल मागे सरकून बघितलं. पुन्हा जवळ जाऊन दाबलं. मग घरी निघायच्या आधी त्यांनी स्टूल उचललं आणि फ्रीजच्या दाराला टेकवून ठेवलं.